विकलेलं घर, राखलेलं घर

बहिणीच्या लग्नाला पैसा कमी पडला तेव्हा मी बापाला म्हटलं, घर विकून टाकू. बाप हसला. "इकाले घेणारा पायजे नं बापा. आपल्या वस्तीत येते कोन?"

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावात वरच्या आळीतला एक पडका वाडा तीनदा विकला गेला. तिन्ही वेळा कागद झाला. आमचं घर चार पिढ्या उभं, पण त्याला भावच नाही. भाव मातीला नसतो मित्रांनो, शेजाराला असतो.

मी खामगावला दालमिलमध्ये पोती वाहतो. दर 6 डिसेंबरला मुंबईला जातो. चैत्यभूमीवर माथा टेकला की पूल ओलांडून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृहासमोर उभा राहतो. या घराचा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. गर्दी फोडायला सरकारनं 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं माणसांच्या दोन जाती धरल्या. गरिबांना चाळी बांधल्या. पांढरपेशांसाठी दादर-माटुंग्याला प्लॉट पाडले. सरळ रस्ते, झाडं, मोकळी हवा, स्टेशन पायी. बाबासाहेब दोन्हीकडे राहिले. आधी परळला ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या, नळ-संडास सगळ्यांत मिळून. परदेशातून बॅरिस्टर होऊन आले तरी बिऱ्हाड तिथंच. मग 1930 नंतर हिंदू कॉलनीत त्यांनी दोन प्लॉटवर दोन इमारती उभ्या केल्या. एक राजगृह, दुसरी चार मिनार.

ज्या समाजाला गावाबाहेर ठेवलं, त्यातला माणूस पांढरपेशांच्या कॉलनीत स्वतःच्या नावाचा कागद करून राहायला गेला. नाव काय दिलं? राजगृह ही बिंबिसाराची मगध राजधानी. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली ती तिथंच. येवल्याची घोषणा 1935 ची, नागपूरची दीक्षा 1956 ची. त्याच्या आधीच घराच्या दारावर नाव लागलं होतं.

रमाईला या घराचं सुख फार थोडे दिवस मिळालं. 27 मे 1935 ला ती याच घरात गेली.

1941 साली बाबासाहेबांनी चार मिनार विकली. देणं फेडायचं होतं, पुस्तकं घ्यायची होती. राजगृह मात्र राखलं, कारण तिथं ग्रंथ होते. दोन घरांपैकी कोणतं विकायचं हे त्यांनी भाड्यावर ठरवलं नाही, आत काय आहे त्यावर ठरवलं. 7 जुलै 2020 ला कुणीतरी राजगृहात शिरून काचा आणि कुंड्या फोडल्या. कुंड्या नव्या आणता येतात. आतलं जे आहे ते फोडून फुटत नाही.

आता आमच्या वस्तीतही रमाईच्या नावाच्या योजनेतून घरकुलं झाली. स्लॅब पडला, फरशी आली. कुणी टीव्हीची भिंत आधी आखतं, कुणी सोफ्याची. मीही बापाच्या जागेवर बांधायला काढलंय. मिस्त्रीला सांगितलं, एक भिंत मोकळी सोड, फळ्या ठोकायच्या आहेत. तो म्हणाला, भांड्यांसाठी का?

मित्रांनो, आपल्या घराला भाव येईल तेव्हा येईल. पण आपल्या घरात असं काय आहे, की जे राखायला आपण दुसरं घर विकू?