देवी, दारूबंदी आणि मीटिंग

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकराला आधी नवरात्रातली देवी आठवते. आनंद दिघे यांनी सुरू केलेला उत्सव, रोषणाई, बंद केलेले रस्ते. पण दारू सुटावी म्हणून जिने माणसं एकत्र बसवली, ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली देवी वेगळी. ती आली १९२२ च्या सुमारास, पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून. गावोगाव मांडव पडत, काहींच्या अंगात येई आणि त्यांच्या तोंडून हुकूम सुटे : दारू सोडा, ताडी सोडा, मटण-मासळी सोडा, रोज अंघोळ करा. ही लाट डांगपर्यंत आणि पुढे दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पोहोचली. दारूचा धंदा बव्हंशी पारशी गुत्तेदारांच्या हाती होता, त्यांना मोठी झळ बसली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या आंदोलनावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

काही काळाने बरेच जण पुन्हा प्यायला लागले.

देवीच्या आधीपासून सरकारलाही या जिल्ह्यातल्या दारूत रस होता, पण तो महसुलापुरता. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्यावर आणि विक्रीवर पकड बसवली. ताडीच्या झाडांवरचा कर वाढला, तसा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा आक्रसला. मोहाची फुलं वेचून घरी गाळणारा आदिवासी तर थेट गुन्हेगार ठरू लागला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांसाठी वेगळा कायदाच झाला. पिणारा माणूस म्हणजे कर भरणारं गिऱ्हाईक. तो त्यात बुडाला तर ते त्याचं नशीब.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटलं. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला, आणि कालचं गिऱ्हाईक आज आरोपी झालं. पुढे बंदी सैल झाली, तरी कायदा पुस्तकात राहिला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत बारच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं दिसतं, ते त्या काळाचंच देणं. बंदीच्या वर्षांत हातभट्टी फोफावली. पिणाऱ्यासाठी तेव्हा दोनच दारं उघडी होती. ठाण्यात ती दोन्ही टेंभी नाक्यापासून फार दूर नव्हती : एक सिव्हिल हॉस्पिटल, दुसरं किल्ल्यातला तुरुंग.

गंमत अशी, की तिसरं दार मुंबईत उघडलं ते ऐन दारूबंदीत. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) उभं राहिलं. १९५७ साली एए मुंबईत आलं. ज्या शहरात कागदोपत्री कुणी पीतच नव्हतं, तिथे माणसं खुर्चीवर बसून ‘मी बेवडा आहे’ असं मोकळेपणी सांगू लागली. देवी अख्ख्या गावाला एकदम सोडायला लावत होती. एएची मीटिंग एकेकट्याला विचारते, आणि तेही फक्त आजच्या दिवसापुरतं. उद्या घसरलात, म्हणजे मंडळींच्या भाषेत ‘स्लिप’ झाली, तरी कुणी वाळीत टाकत नाही. पुन्हा यायचं. दोन्हींतला मोठा फरक तोच.

पुढच्या काळात स्थानिक माणसांनी या पद्धतीला आपापलं वळण दिलं. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले फादर ज्यो परेरा हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी १९८१ साली वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि एएच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. मुक्तांगणशी दीर्घकाळ जोडलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली, आणि व्यसन हा आजार आहे ही गोष्ट ठाणेकरांच्या कानावर मराठीत पडू लागली. उपचार संपले की खरी परीक्षा घरी, म्हणूनच पाठपुराव्याच्या सभांना इतकं महत्त्व.

मीटिंग शोधणं तसं अवघड नाही. एएच्या हेल्पलाइनला फोन केला, किंवा रुग्णालयातल्या समाजसेवकाला विचारलं, की जवळच्या गटाचा वार आणि वेळ कळते. जागा बहुधा शाळेचा रिकामा वर्ग किंवा चर्चचा हॉल. अवघड असतं ते उंबरा ओलांडणं. चाळीत आणि सोसायटीत सगळे सगळ्यांना ओळखतात. मग डोंबिवलीचा माणूस ठाण्याची मीटिंग धरतो, ठाण्याचा मुलुंडची. अनामिकता जपायला लोकलसारखी सोय नाही! आडनाव कुणी विचारत नाही. फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. शेवटी पैशांसाठी पिशवी किंवा टोपी फिरते, त्यात ज्याला जमेल तो टाकतो. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच. बाहेरची देणगी एए घेत नाही, सरकारचीही नाही.

घरच्यांसाठी वेगळी सोय आहे. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने इतर बायकांसह १९५१ साली अल-ॲनॉन सुरू केलं. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. नवरा मीटिंगला तयार नसला, तरी बायकोला त्याच्यासाठी थांबायची गरज नसते. ती आधी एकटीच येऊन बसू शकते.