लाँगवूड : अर्धी राहिलेली अष्टकोनी हवेली

आपल्या मंडळात वाड्यांवर बरंच वाचन होतं. आज जरा लांबचं घर घेतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात नॅचेझ नावाचं छोटं गाव आहे. तिथली ही 'लाँगवूड' हवेली.

मालक हॅलर नट, कापसाचा मोठा मळेवाला. फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन याने नकाशा केला आणि १८६० मध्ये काम सुरू झालं. घर आठकोनी, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. माझ्यातला इंजिनिअर इथे थांबतो. तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौकोनापेक्षा अष्टकोनात साधारण वीस टक्के जागा जास्त मिळते. शिवाय मधला भाग वरपर्यंत मोकळा ठेवला की गरम हवा आपोआप वर निघून जाते. दमट उन्हाळ्याच्या मुलखात हा हिशेब चांगलाच.

पण १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेचे कारागीर काम टाकून घरी गेले. ठरलेल्या ३२ खोल्यांपैकी फक्त तळमजल्याच्या ९ पुऱ्या झाल्या, त्याही गुलामांच्या हातून. नट स्वतः फुटीच्या विरोधात होता, तरी युद्धात त्याचं अतोनात नुकसान झालं. १८६४ मध्ये तो वारला. बायको ज्यूलिया मुलांना घेऊन त्याच ९ खोल्यांत राहिली, १८९७ मध्ये मरेपर्यंत. वरचे मजले आजही उघड्या विटांचे आहेत.

त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. म्हणजे लाँगवूडचं काम थांबलं आणि मुंबईची चढाओढ सुरू झाली, दोन्हींचं कारण एकच.

माझा मुद्दा वेगळा आहे. या घराला लोक नटच्या नावाने ओळखतात. पण नॅचेझजवळच दक्षिणेतला गुलामांचा एक मोठा बाजार भरत असे आणि मळ्यांचा पैसा तिथे विकल्या गेलेल्या माणसांच्या कष्टावर उभा होता. गिलावा नसल्यामुळे इथल्या भिंतीतली एकेक वीट दिसते, आणि प्रत्येक वीट कुणाच्या तरी हाताची आहे. त्या हातांची नावं पाटीवर नाहीत.

आपणही वाड्यांवर लिहिताना सरदाराची वंशावळ पानभर देतो. गवंडी, सुतार, वडार कोण होते, हे विचारतो का? जुन्या हिशेबवह्यांत मजुरीच्या नोंदी असतात. पुढच्या वेळी वाडा पाहायला गेलात, तर आधी त्या वह्या मागा.