जुळी, समाईक वारेची : हृदयोपद्रव

एकाच फलित अंड्याच्या विभाजनातून संभवणाऱ्या एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जुळी मातेच्या उदरात एकाच वारेवर पोसली जातात. अशा वारेत दोन्ही नाळांच्या रक्तवाहिन्या परस्परांस जोडलेल्या असल्यामुळे एका गर्भाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाण्यास वाट असते. रोस्टॉकचे प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिख शाट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जोडवाहिन्यांचा अभ्यास करून त्यांस ‘तिसरे अभिसरण’ म्हटले. ही देवघेव बहुधा समतोल राहते. परंतु एकाच्या रोहिणीतून निघून दुसऱ्याच्या नीलेस मिळणाऱ्या वाटा एकमार्गी असल्याने, उलट दिशेच्या वाटांनी तूट भरून न निघाल्यास जमाखर्चाचा मेळ बिघडतो आणि एक गर्भ दाता व दुसरा ग्राहक होऊन बसतो. वार समाईक पण गर्भवेष्टने स्वतंत्र अशा जुळ्यांत हा प्रकार शेकडा 10 ते 15 गर्भधारणांत आढळतो.

ग्राहकाचे हृदय. रक्त गमावणाऱ्याचेच हृदय अधिक पीडित असावे असे वाटणे साहजिक असले, तरी प्रत्यक्षात हृदयाचा मामला बव्हंशी ग्राहकाचा आहे. अतिरिक्त रक्ताचा भार त्याच्यावर पडतोच. शिवाय, रक्त घटल्यामुळे दात्याची मूत्रपिंडे रक्तदाब सावरण्यासाठी जी द्रव्ये स्रवतात, तीही जोडवाहिन्यांवाटे ग्राहकाकडे येऊन, ज्याला त्यांची मुळीच गरज नाही अशा त्याच्या शरीरात रक्तदाब वाढवितात, असे मानले जाते. दुहेरी ओझ्याने निलयांच्या भिंती जाड होतात, त्यांचे शिथिलन मंदावते, त्रिदली झडप गळू लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर, नाळेचे रक्त हृदयाकडे नेणाऱ्या नीलेत, अलिंदाच्या आकुंचनाच्या क्षणी प्रवाह पुढे जाण्याऐवजी उलटा फिरलेला दिसतो. हे लक्षण गंभीर होय. काही ग्राहकांत फुप्फुस-रोहिणीच्या मुखाशी प्रवाह इतका क्षीण होतो की ते मुखच अरुंद होते, म्हणजे घडणीच्या वेळी निर्दोष असलेल्या हृदयास गर्भावस्थेतच व्यंग जडते.

दात्याचे हृदय. बहुधा सुस्थितीत.

हृदयहीन जुळे. क्वचित एका गर्भास हृदयच नसते अथवा असल्यास अवशेषमात्र असते. त्याचे अभिसरण दुसऱ्याला चालवावे लागते व त्यामुळे निरोगी गर्भाचे हृदय थकून निकामी होण्याचा धोका असतो.

प्रतवारी. दाता-ग्राहक असमतोलाची तीव्रता ठरविण्यासाठी किंतेरो यांनी 1999 साली मांडलेल्या पाच पायऱ्या सर्वत्र रूढ आहेत. गर्भजल, दात्याचे मूत्राशय, रक्तप्रवाह, गर्भाची सूज व मृत्यू यांवर त्या आधारलेल्या असून हृदयाच्या कार्यशक्तीची थेट तपासणी त्यांत नाही, ही उणीव हृदयतज्ज्ञांस किरकोळ वाटत नाही. कारण पहिल्याच पायरीवरील काही ग्राहकांत हृदयविकृती दिसून येते. केवळ तेवढ्यावरून उपचार आरंभावे काय, याविषयी मतैक्य नाही.

उपचार. गर्भाशयात दुर्बीण घालून जोडवाहिन्या लेसर किरणांनी बंद करण्याची तजवीज अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी 1980 नंतरच्या दशकात प्रथम अमलात आणली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, किमान एक अपत्य जन्मानंतर 28 दिवस जगण्याचे प्रमाण लेसरगटात शेकडा 76, तर गर्भजल वारंवार काढून घेतलेल्या गटात शेकडा 56 आढळले. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक ग्राहकांचे हृदय काही आठवड्यांत सावरते. फुप्फुस-रोहिणीचे आकुंचन मात्र काहींत उरते व जन्मानंतर त्यावर इलाज करावा लागतो.

समाईक वारेच्या जुळ्यांत, हा असमतोल नसतानाही, हृदयाची जन्मजात व्यंगे इतर गर्भांहून अधिक असतात. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याच्या सोनोग्राफीखेरीज दोन्ही गर्भांच्या हृदयांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.