तारण कुठे आहे? डीफायच्या अभ्यासाची प्रस्तावना

2001-02 मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी काही दलाल कंपन्यांकडे पैसे सोपवले. त्यांपैकी होम ट्रेडचे नाव सर्वाधिक गाजले. पैसे गेले, रोखे मात्र बँकेच्या हाती आलेच नाहीत. शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या या बँकेचे सुमारे 150 कोटी रुपये त्यात अडकले आणि खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. पुढे श्रीसूर्या (2013) आणि वासनकर (2014) या गुंतवणूक कंपन्यांच्या प्रकरणांत याच शहरातल्या मध्यमवर्गीयांची आयुष्यभराची पुंजी गुंतली. स्टेबलकॉइनच्या, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या डिजिटल नाण्यांच्या, ठेवी आणि कर्जे या विषयाची ओळख करून देताना हा इतिहास मला टाळता येत नाही. या क्षेत्रातल्या कोणत्याही प्लॅटफॉर्मला विचारायचा पहिला प्रश्न नागपूरच्या ठेवीदाराला चांगला ठाऊक आहे: माझ्या पैशामागचे तारण कुठे आहे आणि ते मला स्वतः पाहता येते का?

डीफायने, म्हणजे विकेंद्रित वित्तव्यवस्थेने, या प्रश्नाला दिलेले उत्तर खरोखर नवे आहे. कंपाउंड किंवा आवे यांसारख्या व्यवस्थेत कर्ज देणारा अधिकारी नसतो. इथेरियम या ब्लॉकचेन साखळीवरचा एक प्रोग्राम ठेवी एकत्र करतो आणि कर्जापेक्षा जास्त किमतीचे तारण घेऊनच उचल देतो. बँक सोने तारण ठेवून त्याच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, तसेच हे. प्रत्येक जमा, प्रत्येक उचल आणि प्रत्येक तारण सार्वजनिक नोंदवहीत असते आणि ते कोणालाही, कधीही तपासता येते. 2002 साली अशी सोय असती तर न आलेले रोखे पहिल्याच दिवशी दिसले असते. म्हणूनच हे तंत्रज्ञान गांभीर्याने अभ्यासण्याजोगे आहे, असे माझे ठाम मत आहे.

व्याज कुठून येते, हे मात्र कागदावर मांडून पाहावे. समजा, अशा एकत्रित ठेवींच्या कोशात 100 जमा आहेत, त्यांतले 80 कर्जाऊ गेले आहेत आणि कर्जदार वर्षाला 5 टक्के देतात. म्हणजे व्याज आले 4. त्यातला दहावा हिस्सा राखीव निधीत गेला, तर उरले 3.60. ते 100 च्या ठेवींवर वाटले की ठेवीदाराचा दर होतो 3.6 टक्के. याच स्थितीत एखादा प्लॅटफॉर्म 12 टक्के देऊ करत असेल, तर उरलेले 8.4 टक्के कोण भरतो, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. टेरा या दुसऱ्या साखळीवरच्या अँकर या ठेव-प्लॅटफॉर्ममध्ये सुमारे 20 टक्के मिळत होते. कर्जदारांकडून तेवढे येत नव्हते, तूट राखीव निधीतून भरली जात होती. मे 2022 मध्ये यूएसटी हे तिथले स्टेबलकॉइन कोसळले आणि ठेवीही त्याबरोबर गेल्या.

तारण डोळ्यांना दिसले म्हणून धोका संपत नाही. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्याचा राखीव निधी साखळीबाहेर, सरकारी रोखे आणि बँकांमधली रोकड यांत असतो. मार्च 2023 मध्ये त्यातले 330 कोटी डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकल्याचे कळताच एका डॉलरचे हे नाणे काही काळ 90 सेंटच्याही खाली गेले. त्याच महिन्यात ऑयलर या कर्ज-प्लॅटफॉर्ममधून सुमारे 19.7 कोटी डॉलर काढले गेले. राखीव निधीला देणगी देण्याच्या एका फंक्शनमध्ये, देणगीनंतर खातेदाराचे तारण कर्जाला पुरते का, हे तपासायचे राहून गेले होते. त्या कोडची लेखापरीक्षणे झालेली होती. पुढे बहुतांश रक्कम परत मिळाली, पण केवळ लेखापरीक्षणाच्या शिक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी हे उदाहरण कायमचे आहे. 12 मार्च 2020 रोजी इथेरियमच्या इथर या नाण्याचा भाव धाडकन पडला, तेव्हा मेकर या कर्ज-प्लॅटफॉर्मच्या लिलावांत काही तारणे शून्य बोलीला विकली गेली. भाव कोण कळवतो, तारण कोण आणि किती वेळात विकतो, कोड बदलण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे तिन्ही प्रश्न म्हणूनच व्याजदराआधी येतात.

भारतीय वाचकाने आणखी दोन गोष्टी जमेस धराव्यात. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, इथे तसा काही नाही. आणि 2022 पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, शिवाय त्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

या विषयात येणाऱ्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सहकारी बँकेचा ताळेबंद वाचता येणारा वाणिज्याचा विद्यार्थी, ठेवीदारांचे खटले पाहिलेला वकील आणि कोड वाचणारा तरुण यांनी एकत्र बसावे, अशी या कामाची गरज आहे. मराठीत ठेवीदाराच्या बाजूने हे काम करणारे फार थोडे आहेत. विदर्भातल्या महाविद्यालयांनी ते हाती घ्यावे, ही माझी विनंती आहे.