आभासी वास्तवातील दृश्यरचना
आभासी वास्तवातील दृश्यरचना : आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत दाखविलेले शिरोधार्य दर्शक यंत्र छताला टांगलेले असे व त्यात केवळ रेषाकृती दिसत. पुढे दृश्ये सुधारली. तथापि प्रत्येक वस्तू हाताने घडविण्याचे कष्ट उरलेच. निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेने ते हलके केले. २०२२ मध्ये ‘ड्रीमफ्यूजन’ या पद्धतीने निव्वळ शब्दवर्णनावरून त्रिमितीय आकार सिद्ध झाले. मात्र तिचा आधार द्विमितीय चित्रांवर शिकविलेले प्रतिमान हा होता आणि चित्रांत प्राणी बहुधा समोरूनच दिसतात. परिणामी प्राण्याच्या पाठीमागेही तोंड उमटे. द्विमुखी रोमन देवावरून या दोषास ‘जेनस’ म्हणतात. स्थिर चित्रात तो खपून जातो. आभासी वास्तवात प्रेक्षक वस्तूभोवती फिरत असल्याने तो लपत नाही.