लक्षण कशाला म्हणायचं? बुरशी खाणाऱ्या फुलकिड्यांची ओळख

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या ‘लक्षणा’बद्दल बोललो होतो. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण उदाहरण घ्यायचं आहे ते एका दोन-तीन मिलिमीटरच्या किड्याचं. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस किड्यांकडे कसा वळला, तेही सांगतो.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक सहकारी होते. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या दाखवल्या. एका पट्टीवरचा किडा धिप्पाड. पुढच्या पायांच्या मांड्या फुगलेल्या, पायाच्या टोकाशी मोठा दात. दुसरा किरकोळ, पाय सडपातळ, दात जवळजवळ नाहीच. त्यांनी विचारलं, “सर, जाती किती?” मी म्हटलं, “दोन. उघड आहे.” ते हसले. दोन्ही नर एकाच जातीचे होते, एकाच वाळक्या फांदीवर सापडलेले. वर्षानुवर्षं वर्गात ‘सार’ आणि ‘आगंतुक गुण’ यांतला फरक शिकवणारा मी, प्रत्यक्ष पाहायची वेळ आली तेव्हा पहिल्याच परीक्षेत नापास झालो! त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

उजळणी म्हणून अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरची दीपिका आठवा. गाईचं लक्षण काय? ‘तांबूसपणा’ म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असणं’ म्हटलं तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एकच खूर असणं’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. गळ्याखालची पोळी हे खरं लक्षण. आता हे तिन्ही दोष फुलकिड्यांच्या इतिहासात कसे भेटतात ते बघा.

पहिली गंमत नावातच आहे. कांदा, मिरची, द्राक्ष लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला फुलकिडे चांगलेच माहीत. पण आजवर नोंदलेल्या सहा हजारांहून अधिक जातींपैकी साधारण निम्म्या बुरशीवर जगतात. वाळक्या फांद्या, झाडाची साल, कुजकी पानं हे त्यांचं घर. त्यांना फुलाशी काही देणंघेणं नाही. म्हणजे त्यांच्यापुरतं ‘फुलकिडा’ हे नावच असंभव दोषाचं! लिनियसने १७५८ मध्ये या किड्यांना ‘थ्रिप्स’ म्हटलं. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूड पोखरणारा किडा. लाकूड हेही पोखरत नाहीत, पण निदान पत्ता तरी जवळचा.

१८३६ मध्ये आयर्लंडच्या अलेक्झांडर हॅलिडेने या गटाला ‘थायसॅनोप्टेरा’ म्हणजे ‘झालरपंखी’ असं नाव दिलं आणि त्याचे दोन भाग केले. एकात मादीला अंडी घालण्यासाठी करवतीसारखा अवयव असतो. दुसऱ्यात पोटाचा शेवटचा खंड नळीसारखा असतो, म्हणून ते ‘ट्युब्युलिफेरा’. बुरशी खाणारे बहुतेक सगळे या नळीवाल्यांत येतात. मग नळी दिसली की बुरशीखाऊ, असं म्हणावं का? नाही. कुंपणाला लावलेल्या फायकसची पानं दुमडून आत राहणारे काळे किडेही नळीवालेच, आणि ते हिरव्या पानाचा रस शोषतात. ही झाली अतिव्याप्ती.

सगळ्यात जास्त घोटाळा केला तो अव्याप्तीने. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात इंग्लंडचे बॅग्नल, अमेरिकेचे हूड, ऑस्ट्रियाचे प्रीझ्नर यांनी जगभरातून आलेल्या शेकडो जातींना नावं दिली. पुष्कळदा हातात एक-दोनच नमुने असायचे. मोठ्या नराला एक नाव, लहान नराला दुसरं, बिनपंखी मादीला तिसरं, असं होणं अगदी स्वाभाविक होतं. त्यांना दोष देऊ नका. मीही तेच केलं होतं.

उलगडा दोन बाजूंनी झाला. ज्युलियन हक्स्ली यांनी १९३२ मध्ये सापेक्ष वाढीवर ग्रंथ लिहिला. काही अवयव शरीराच्या प्रमाणात वाढत नाहीत. शरीर थोडं मोठं झालं की ते कितीतरी अधिक वाढतात. एका खेकड्याची अवाढव्य नांगी हे त्यांचं आवडतं उदाहरण. आपल्या किड्याची मांडी आणि दात यांचंही तेच.

दुसरी बाजू जिवंत किडे पाहण्याची. आपल्याकडे चेन्नईला टी. एन. अनंतकृष्णन यांनी या बहुरूपतेचा बारकाईने अभ्यास केला; त्यांचा ‘इंडियन थायसॅनोप्टेरा’ १९६९चा. पुढे १९८०च्या दशकात बर्नार्ड क्रेस्पी यांनी अमेरिकेत ओकच्या वाळक्या पानांवर राहणाऱ्या एलाफ्रोथ्रिप्सच्या नरांचं वागणं पाहिलं. मोठे नर मादीची राखण करतात, पुढच्या पायांनी झुंजतात. लहान नर झुंज टाळून चोरून मादीपर्यंत पोचतात. ज्याला आपण जातीचं लक्षण समजत होतो, ते एका जातीतल्या भावाभावांचं वेगवेगळं जगणं निघालं.

मग भरवशाचं काय उरलं? १९८३ मध्ये लॉरेन्स माउंड आणि पामर यांनी बीजाणू खाणाऱ्या फुलकिड्यांचं वर्गीकरण मांडलं. या किड्यांच्या डोक्यात सुईसारख्या शोषक नळ्या असतात. बुरशीचे बीजाणू अख्खे गिळणाऱ्यांत त्यांची रुंदी साधारण पाच ते दहा मायक्रॉन, तर बुरशीच्या तंतूंतला रस पिणाऱ्यांत दोन-तीन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नर मोठा असो की लहान, खाणं तेच, म्हणून हे साधन टिकाऊ. पण इथेही जपून! बारीक नळ्या पान खाणाऱ्यांतही असतात. शिवाय ही रुंदी गट सांगते, जात नाही. जातीसाठी शृंगिकेच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावरचे संवेदी शंकू मोजायचे, नळ्या डोक्यात किती वर आणि एकमेकींपासून किती दूर आहेत ते पाहायचं, पोटाच्या पहिल्या खंडावरच्या पट्टिकेचा आकार तपासायचा, डोळ्यामागच्या केसांची लांबी बघायची. त्यातलंही कोणतं कुठे टिकतं, हे बरेच नमुने शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. प्राणिशास्त्रात जातीचं नाव एका नमुन्याला बांधलेलं असतं. तो संग्रहालयात जपून ठेवतात. ते योग्यच, नाहीतर नाव हवेत राहील. पण नाव एका नमुन्यावर टांगता आलं तरी लक्षण एका नमुन्यातून काढता येत नाही. एक तांबूस गाय पाहून ‘तांबूसपणा’ लक्षण आहे की नाही, हे कसं कळणार? गोठा पाहावा लागतो. अव्याप्ती हा दोष एकट्या वस्तूकडे कितीही निरखून पाहिलं तरी दिसत नाही, कारण तो सुटलेल्यांत असतो.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. बागेतल्या वाळक्या फांदीवर फुलकिडे दिसले की लगेच फवारणीचा पंप उचलला जातो. ते बुरशीवर जगणारे असतील तर पिकाशी त्यांचं वैर नाही. औषध वाया, पैसे वाया. आधी ओळख, मग उपाय.

माझे ते सहकारी काचपट्टीवर नाव पेन्सिलीने लिहायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, “आणखी नमुने यायचेत.” एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.