गिरणगावच्या खाणावळवाल्या



मागच्या महिन्यात एका गटाचे कर्जाचे अर्ज भरत होते. एका ताईंना विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "काही नाही हो, घरीच असते. गृहिणी लिहा." आणि या ताई रोज पहाटे चारला उठून बांधकामावरच्या बारा मजुरांचे डबे करतात! मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

ही गोष्ट मुंबईतल्या गिरणगावाची, म्हणजे लालबाग-परळ भागाची. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. मग गिरण्या वाढत गेल्या. कोकणातले, सातारा-कोल्हापूरकडचे गडी कामाला गेले. बायकामुलं गावीच राहिली. एकेका खोलीत कितीतरी जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायला यायची. या माणसांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बायकाच. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या घरी पगार पुरत नसे. या खाणावळवाल्या घरच्याच चुलीवर दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करायच्या.

पैसे मिळायचे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचं. उधारीचा भाव चढा. नाहीतर सावकाराचं व्याज, नाहीतर दागिना गहाण. म्हणजे राबायचं हिने आणि कमाई दुसऱ्याच्या गल्ल्यात.

१९७४ साली गिरणी कामगारांचा संप झाला. पगार बंद, तरी खाणावळी चालू राहिल्या. बायकांनी उसनवारी करून माणसांना जेवू घातलं. गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव तेव्हा कामगार चळवळीत होत्या. त्यांनी हे पाहिलं. संप तगतो तो या बायकांच्या चुलीवर, पण त्यांचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही, हे त्यांनी ओळखलं.

१९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालं होतं. गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही आली होती. पण बँक तारण मागते, आणि खाणावळवालीकडे ना जमीन, ना घर. तेव्हा शेजारणींनी एकमेकींची हमी घेतली. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या दारात उभ्या. सुरुवातीला १४ जणींना बँकेचं कर्ज मिळालं. मग वस्तीवस्तीत गट झाले. आपल्याकडे बचत गट आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

कर्जासाठी जमलेल्या बायका मग दारू, मारहाण, मुलींचं शिक्षण यावरही बोलू लागल्या. मंडळाने सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं, जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या.

१८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कितीतरी गडी गावी परतले. तुमच्याही गावात असा एखादा आजोबा असेल. अन्नपूर्णाने गिरणगाव वाचवलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईकच गेल्यावर खाणावळी कशा टिकणार? पण नवऱ्याचा पगार थांबला तेव्हा अनेक घरं बाईच्या कमाईवर उभी राहिली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

गोष्ट संपली तेव्हा ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग माझं काय लिहाल?" आम्ही लिहिलं, "खाणावळ, बारा डबे रोज."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाचं रजिस्टर काढा. प्रत्येकीच्या नावापुढे ती काय काम करते आणि त्याचे किती पैसे होतात, ते लिहा. 'काही नाही' असं कुणाच्याही नावापुढे येऊ देऊ नका.